२७ आणि २८ फेब्रुवारी मिळून एकच माणूस: शाळेत सत्येंद्रनाथ बोस कसे सांगायचे

फेब्रुवारी संपत आला की शिक्षकांच्या ग्रुपवर दरवर्षी तेच मेसेज, विज्ञान दिनाचं भाषण आहे का कुणाकडं, पीपीटी असली तर टाका, आणि मंग कुणीतरी चार पानांची पीडीएफ टाकतं आणि तीच सगळ्या केंद्रात फिरते. मी पण पाच-सहा वर्षं तेच केलं. जन्म, शिक्षण, पुरस्कार, मृत्यू, असं वाचून दाखवायचो, लेकरं पटांगणात उन्हात बसलेली, मागच्या रांगेतली काडीनं माती उकरायलेली. त्यात लेकरांची काहीच चूक नव्हती, त्या कागदावर त्यांनी हातात घ्यावं असं काहीच नव्हतं.

गेली तीन वर्षं मी आमच्या शाळेत (हिंगोली जिल्हा, जिल्हा परिषद, सहावी ते आठवी) सत्येंद्रनाथ बोस घेतोय आणि एक तासाचं ठरवलं तरी दीड तास होतो, कारण लेकरंच उठत नाहीत. दोन-तीन सरांनी आणि एका मॅडमनी विचारलं की नेमकं काय करता, म्हणून सगळं सविस्तर लिहायलो.

आधी बोसच का ते सांगतो. २८ फेब्रुवारी हा दिवस रामन यांच्या १९२८ च्या शोधाचा, ते बरोबरच आहे आणि रामन सांगितलेच पाहिजेत. पण रामन यांचा शोध प्रयोगाचा आहे आणि आमच्याकडं प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट, त्याची किल्ली मुख्याध्यापकाकडं. बोस हे सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ. त्यांचा सगळ्यात मोठा शोध हा मोजण्याचा शोध आहे, निव्वळ मोजण्याचा, आणि तो मोजण्याचा खेळ सहावीतलं लेकरू चिंचोके घेऊन जमिनीवर बसून करू शकतं. दुसरं असं की २८ च्या आदल्या दिवशी मराठी भाषा गौरव दिन असतो आणि आपण दोन्ही दिवस वेगवेगळे साजरे करतो, एक दिवस कविता एक दिवस विज्ञान, जसं काही दोन्हीचा एकमेकांशी संबंधच नाही. बोसांनी अर्धं आयुष्य याच गोष्टीला दिलं की विज्ञान आपल्या भाषेत झालं पाहिजे. म्हणून मी दोन्ही दिवस मिळून एकच कार्यक्रम करतो.

सामान काय लागतं तर चिंचोके (पाऊण किलो पुरेत, लेकरंच आणतात घरून), प्रत्येक गटाला दोन वाट्या, थोडा लाल रंग किंवा कुंकू, प्रत्येकाकडं रुपयाची दोन नाणी, फळा-खडू आणि पोस्टकार्डं. प्रोजेक्टर नसला तरी काही बिघडत नाही, उलट बराय, लाईट गेली तरी कार्यक्रम चालू राहतो.

सुरुवात नावापासून करा. हे मी पहिल्या वर्षी केलं नाही आणि चांगलंच अडलं. "बोस" म्हणलं की निम्मी लेकरं "तुम मुझे खून दो" म्हणायला लागतात आणि दोन-चार हुशार लेकरं "सर, झाडाला जीव असतो सांगणारे" म्हणतात. म्हणून फळ्यावर तीन नावं लिहायची. जगदीशचंद्र बोस, जन्म १८५८, बिनतारी लहरी आणि वनस्पतींवरचं काम. सत्येंद्रनाथ बोस, जन्म १ जानेवारी १८९४, कोलकाता, आपले आजचे. सुभाषचंद्र बोस, जन्म १८९७, कटक. तिघं वेगळे, पण एक धागा आहे तो जरूर सांगा, जगदीशचंद्र हे प्रेसिडेन्सी कॉलेजात सत्येंद्रनाथांचे शिक्षक होते. इंटरनेटवरून फोटो घेणार असाल तर दोनदा बघा, तिथं पण या दोघांची अदलाबदल झालेली असते. आमच्याकडं एका वर्षी भिंतीवर चुकीचा फोटो दोन दिवस होता आणि नाव मात्र बरोबर.

बालपण पटकन सांगा, त्यात जास्त अडकू नका. वडील रेल्वेत, सात भावंडात हे सगळ्यात थोरले आणि एकुलते एक भाऊ, खाली सहा बहिणी. शाळेत गणिताच्या सरांनी शंभरपैकी एकशे दहा दिले अशी गोष्ट सांगतात, लेकरांना ही गोष्ट फार आवडते, कारण प्रश्न एकापेक्षा जास्त रीतींनी सोडवला होता म्हणून जास्तीचे मार्क. एमएस्सीला १९१५ मधी बोस पहिले आणि मेघनाद साहा दुसरे, दोघं वर्गमित्र. साहा पण पुढं तेवढेच मोठे झाले. आणि हे दोघं तरुण पोरं कोलकात्यात बसून जर्मन शिकले आणि आइन्स्टाईनचे सापेक्षतेवरचे लेख इंग्रजीत आणले, ते पुस्तक कोलकाता विद्यापीठानं १९२० मधी छापलं. हे भाषांतर लक्षात ठेवा, पुढं पत्रात येतंय.

आता मुख्य भाग. लोहारापासून सुरू करा. आमच्या गावात लोहाराचा भाता अजून चालतो, ऊसतोडीला जायच्या आधी कोयते तिथंच जातात, त्यामुळं सगळ्या लेकरांनी तापलेलं लोखंड बघितलेलं आहे. विचारायचं, लोखंड तापत गेलं की रंग कसा बदलतो? लेकरं बरोबर सांगतात, आधी काळं, मंग लालबुंद, मंग नारिंगी, मंग पिवळट पांढरं. आता विचारायचं, का? लालच आधी का, निळं आधी का नाही? इथं थोडं गप्प बसायचं. हा प्रश्न जगातल्या मोठमोठ्या लोकांनी अनेक वर्षं सोडवायचा प्रयत्न केलेला आहे हे लेकरांना कळू द्यायचं. १९०० साली जर्मनीत मॅक्स प्लँक यांनी एक सूत्र काढलं, किती तापमानाला कोणत्या रंगाचा किती उजेड निघणार हे त्यात बरोब्बर बसतं. १९०५ मधी आइन्स्टाईन म्हणाले की उजेड हा कणाकणानं येतो, त्या कणाला आज आपण फोटॉन म्हणतो. पण प्लँकचं सूत्र सिद्ध करताना सगळेजण अर्धं जुनं शास्त्र आणि अर्धं नवं शास्त्र असं मिसळून काम भागवत होते. सूत्र बरोबर होतं पण तिथवर जायची वाट पटत नव्हती.

आणि हे कुणाला खटकलं तर ढाक्यात शिकवणाऱ्या एका तिशीच्या मास्तरला. ढाका विद्यापीठ १९२१ मधी सुरू झालं तेव्हापासून बोस तिथं होते. वर्गात शिकवताना जे आपल्यालाच नीट पटत नाही ते पोरांना कसं सांगायचं ही त्यांची अडचण होती, आणि शिक्षक म्हणून मला सगळ्यात जवळची वाटती ती हीच जागा. आपण "पुस्तकात दिलंय ना, पाठ करा" म्हणून पुढं जातो, ते गेले नाहीत.

आता चिंचोके काढा. चार-चार लेकरांचे गट करा. प्रत्येक गटाला दोन चिंचोके, एक लाल रंगवलेला एक साधा, आणि दोन वाट्या. प्रश्न एवढाच: दोन चिंचोके दोन वाट्यात किती प्रकारांनी ठेवता येतात? दोन मिनिटात उत्तर येतं, चार. दोन्ही डावीकडं, दोन्ही उजवीकडं, लाल डावीकडं साधा उजवीकडं, साधा डावीकडं लाल उजवीकडं. फळ्यावर चारही चित्रं काढा.

मंग लाल चिंचोका परत घ्या आणि दोन्ही साधे द्या. आता किती प्रकार? बहुतेक गट तीन म्हणतात, कारण "एक इकडं एक तिकडं" हे आता एकच दिसतं. पण एखादा गट चारच म्हणून अडून बसतो. आमच्याकडं आठवीतलं एक पोरगं म्हणालं, सर दिसायला सारखे आहेत म्हणून काय झालं, आहेत तर दोन वेगळेच ना, तुम्ही डोळे मिटले तरी ते वेगळेच राहणार. या लेकराला गप्प करू नका! त्याचं एकदम बरोबर आहे आणि सगळी गंमत तिथंच आहे. चिंचोक्यांसाठी खरं उत्तर चारच.

हे पटवायला नाणी काढा. प्रत्येकानं दोन रुपये घेऊन एकदम उडवायचे, दोन्ही सारखे पडले (छापा-छापा किंवा काटा-काटा) की एक खूण, वेगळे पडले की दुसरी खूण. वीस-वीस वेळा. तीस लेकरं असली तर सहाशे होतात. सारखे पडलेले साधारण तीनशेच्या आसपास येतात, निम्मे, पहिल्या वर्षी आमच्याकडं २८९ आले होते. म्हणजे नाणी दिसायला सारखी असली तरी निसर्ग त्यांना वेगवेगळी धरतो, चार प्रकार, त्यातले दोन सारखे, म्हणून निम्मे. आता फळ्यावर लिहा: तीनच प्रकार असते आणि तिन्ही सारख्याच वेळा आले असते तर? तर तीनातले दोन सारखे, म्हणजे सहाशेपैकी चारशे. आपल्याला चारशे आले नाहीत.

आणि मंग सांगा की उजेडाच्या कणांना चारशेच येतात! म्हणजे तंतोतंत नाणी उडवून नाही, पण हिशोब तोच. फोटॉनला नाव नाही, नंबर नाही, हा पहिला तो दुसरा असं काही नसतंच, नुसतं आपल्याला दिसत नाही असं नाही, मुळातच नसतं. बोसांनी भट्टीतला उजेड म्हणजे फोटॉनचा जणू वायू धरला आणि ते कण किती खणांमधी किती प्रकारांनी बसू शकतात ते असं बिननावाचं मोजलं, आणि प्लँकचं सूत्र सरळ बाहेर आलं, जुन्या शास्त्राची उसनवारी न करता.

नुसत्या सरांसाठी एक जास्तीची गोष्ट, लेकरांना सांगायची गरज नाही. कणांना नावं देऊन जुन्या रीतीनं मोजलं तर जो नियम मिळतो (वीनचा नियम) तो जांभळ्या बाजूला जुळतो पण तांबड्या बाजूला आणि त्याच्याही पलीकडं चुकतो. नावं काढून टाकली की दोन्हीकडं जुळतो. म्हणजे हा निव्वळ शब्दाचा खेळ नाही, मोजण्याची रीत बदलली की लोखंडाच्या उजेडाचं उत्तर बदलतं.

"बिननावाचं" हे लेकरांना पटत नाही, साहजिक आहे. त्यासाठी मला सापडलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे बँकेचं खातं. हातातल्या दोन नोटांना नंबर असतात, त्या वेगळ्या. पण आईच्या खात्यात फोनपेवर एक रुपया आला आणि नंतर दुसरा आला, आता त्यातला पहिला कोणता दुसरा कोणता? विचारायलाच अर्थ नाही, खात्यात दोन रुपये आहेत, बस. मंग दोन रुपये आई आणि बाबाच्या खात्यात किती प्रकारांनी असू शकतात? दोन-शून्य, एक-एक, शून्य-दोन. तीन. चौथा प्रकारच नाही. इथं वर्गात "हां" असा आवाज येतो, थांबून तो ऐका, मला त्याच्यासाठीच हे सगळं करावं वाटतं.

वेळ असला तर चिंचोके वाढवत न्या. तीन चिंचोके दोन वाट्या, नावं असली तर आठ प्रकार, नसली तर चार. दहा चिंचोके दोन वाट्या, नावं असली तर १०२४, नसली तर फक्त ११. आता सगळेच्या सगळे एकाच वाटीत असायची शक्यता बघा, पहिल्या रीतीत १०२४ पैकी २ आणि दुसऱ्या रीतीत ११ पैकी २. म्हणजे बिननावाच्या कणांना एका जागी गर्दी करायची सवय असते. ही "गर्दी करायची सवय" हे शब्द फळ्यावर मोठ्यानं लिहा, पुढचं सगळं यावर उभं आहे.

गर्दीवरून डिरॅकची गोष्ट सांगाच. पॉल डिरॅक हे इंग्लंडचे फार मोठे शास्त्रज्ञ, अशा कणांना बोसांच्या नावावरून "बोसॉन" हे नाव त्यांनीच दिलं. ते बायकोसोबत कोलकात्याला आले होते तेव्हा गाडीत मागं डिरॅक पतीपत्नी आणि पुढं ड्रायव्हरशेजारी बोस, आणि बोस आपल्या विद्यार्थ्यांना पण पुढंच बसा बसा म्हणायलेत. डिरॅक म्हणाले गर्दी होत नाही का, तर बोस मागं वळून म्हणाले की आमचा बोस स्टॅटिस्टिक्सवर (म्हणजे याच बिननावाच्या मोजणीवर) विश्वास आहे. आमच्या लेकरांनी औंढ्याची काळीपिवळी बघितलेली आहे, ड्रायव्हरजवळ चार जण, मागं टपावर दोन, त्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

आता पत्राकडं या. हा भाग हळू करा, घाई करू नका. बोसांनी आपला लेख आधी इंग्लंडच्या एका नावाजलेल्या मासिकाकडं पाठवला, तिथं तो छापला गेला नाही. मंग ४ जून १९२४ ला त्यांनी तो थेट आइन्स्टाईनला पाठवला. ओळख नाही, देख नाही. आइन्स्टाईन तेव्हा नोबेल मिळालेले, जगभर नाव झालेले, आणि हे ढाक्यातले एक मास्तर, पीएचडी पण नाही. पत्रातला मतलब मी माझ्या शब्दात लेकरांना असा सांगतो, की हा लेख वाचून आपलं मत कळवावं, मला जर्मन तेवढं येत नाही की मी स्वतः भाषांतर करीन, छापण्यासारखा वाटला तर एका जर्मन मासिकात छापायची व्यवस्था करावी, मी आपल्याला अगदी अनोळखी आहे तरी ही विनंती करायला संकोच वाटत नाही कारण आम्ही सगळे आपलेच विद्यार्थी, आपल्या लिखाणातून शिकलेले. आणि खाली आठवण, कोलकात्याहून कुणीतरी सापेक्षतेच्या लेखांच्या भाषांतराची परवानगी मागितली होती, त्यातल्या व्यापक सापेक्षतेच्या लेखाचं भाषांतर करणारा मीच.

हे सातवीतल्या एखाद्या चांगलं वाचणाऱ्या पोरीला उभं राहून वाचायला द्या. तुम्ही वाचू नका. लेकराच्या आवाजात ते पत्र वेगळंच वाटतं.

मंग आइन्स्टाईननं काय केलं? स्वतः जर्मनमधी भाषांतर केलं, खाली आपली टीप जोडली की हे महत्त्वाचं पाऊल आहे, आणि छापायला पाठवलं. १९२४ मधीच छापून आलं. बोसांना पोस्टकार्ड आलं. बोस सांगायचे की त्या पोस्टकार्डाच्या जोरावर त्यांची परदेशातल्या अभ्यासाची रजा लगेच मंजूर झाली. मंग ते पॅरिसला गेले, मादाम क्युरी यांना भेटले, आणि १९२५ मधी बर्लिनला आइन्स्टाईनना समोरासमोर भेटले. परत आल्यावर १९२७ मधी ढाक्यात प्रोफेसर झाले, पीएचडी नव्हती पण आइन्स्टाईनची शिफारस होती. इथं एक सावधगिरी. "बघा डिग्री लागत नाही" असं लेकरांना सांगू नका, ते खरं नाही आणि दहावीच्या तोंडावर तर अजिबात सांगू नका. हा माणूस एमएस्सीला पहिला आलेला होता आणि जर्मन, फ्रेंच वाचत होता. डिग्री नव्हती, अभ्यास भरपूर होता.

मादाम क्युरींची छोटी गोष्ट जोडता येती, त्यांनी बोसांना सांगितलं की माझ्याकडं काम करायचं तर आधी काही महिने फ्रेंच शिकून या, आणि बोसांना फ्रेंच येत होतं, पण भिडेपोटी ते सांगूच शकले नाहीत. आमची लेकरं अशीच आहेत, येत असतं पण हात वर करत नाहीत, म्हणून मला ही गोष्ट सांगावी वाटते. जो माणूस कागदावर आइन्स्टाईनला बिनधास्त लिहितो तोच समोर गप्प बसतो.

पत्र झालं की पोस्टकार्डं वाटा. प्रत्येकानं विज्ञानाचा एकच खरा प्रश्न लिहायचा, आपल्या भाषेत, ज्याचं उत्तर वर्गात मिळालं नाही असा. जवळच्या कॉलेजच्या भौतिकशास्त्र विभागाच्या पत्त्यावर पाठवायचं, आधी तिथल्या प्राध्यापकांशी फोनवर बोलून ठेवा म्हणजे उत्तरं येतात. मागच्या वर्षी ४१ पाठवली आणि २३ ला उत्तर आलं. ज्यांना आलं त्यांनी ते दप्तरात कित्येक दिवस ठेवलं. प्रश्न पण कसे, विहिरीचं पाणी हिवाळ्यात कोमट का लागतं, वीज पडताना आधी उजेड का दिसतो, एकानं लिहिलं की फोटॉनला वजन नाही तर सूर्याचा उजेड अंगाला गरम कसा लागतो.

आता जे बोसांनी केलं नाही ते पण स्पष्ट सांगायचं. मला वाटतं यातच आपल्या माणसाचा खरा मान आहे. दरवर्षी फॉरवर्ड येतं की बोसांनी देवकण शोधला. नाही. देवकण म्हणजे हिग्ज बोसॉन, त्याचा अंदाज १९६४ चा, पीटर हिग्ज आणि इतरांचा, आणि तो सापडल्याचं जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेनं ४ जुलै २०१२ ला जाहीर केलं, तोपर्यंत बोसांना जाऊन ३८ वर्षं झाली होती. त्यात बोसांचं काय तर तो कण ज्या जातीचा आहे ती जात, बोसॉन. विश्वातले मूळ कण दोनच जातीत पडतात, गर्दी करणारे बोसॉन आणि एका जागी दुसऱ्याला येऊच न देणारे फर्मिऑन, आणि त्यातल्या एका जातीला एका भारतीय मास्तरचं नाव आहे. हे एवढं खरं असताना खोटं जोडायची काय गरज?

तसंच बोस-आइन्स्टाईन संघनन. बोसांचा हिशोब उजेडाचा होता, तो अणूंना लावून पुढं नेला तो आइन्स्टाईननं, १९२४-२५ मधी. त्यांनी सांगितलं की फार थंड केलं तर अणू एकाच अवस्थेत गोळा होतील. खरोखर करून दाखवायला १९९५ उजाडलं, अमेरिकेत कॉर्नेल आणि वीमन यांनी रुबिडियमच्या साधारण दोन हजार अणूंवर ते केलं, तापमान उणे २७३ अंशाच्या (याहून थंड काही होऊच शकत नाही) इतकं जवळ की फरक अंशाच्या कोट्यवधीव्या भागात मोजावा लागतो. केटर्ले यांनी सोडियमवर केलं. तिघांना २००१ चं नोबेल. बोस ४ फेब्रुवारी १९७४ ला गेले, त्यांना हे बघायला मिळालं नाही.

लेकरं विचारणारच की बोसांना नोबेल का नाही. मी सरळ सांगतो, नाही मिळालं. पद्मविभूषण मिळालं १९५४ मधी, लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले १९५८ मधी, राष्ट्रीय प्राध्यापक झाले. बोसांनी स्वतः नंतर सांगितलं होतं की आपण काही नवीनच करतोय हे तेव्हा त्यांना जाणवलं पण नव्हतं. "अन्याय झाला" एवढ्यावर विषय संपवला तर लेकरू चिडून घरी जातं आणि चिंचोके विसरतं. चिंचोके लक्षात राहिले पाहिजेत.

मराठवाड्यातल्या आणि त्यातल्या त्यात हिंगोली, परभणी, नांदेडकडच्या शाळांनी एक भाग जरूर जोडावा. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी पकडणारी वेधशाळा होतीय, केंद्रानं २०२३ च्या एप्रिलमधी २६०० कोटींची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, एल आकारात, आणि त्यातून लेझर. दूरवर दोन कृष्णविवरं एकमेकात मिसळली की अवकाशाला जी लहर येती, ती गेल्यावर या भुजांची लांबी प्रोटॉनच्या जाडीच्या दहा हजाराव्या भागाएवढी बदलली तरी कळतं. अमेरिकेतल्या लायगोला अशी पहिली लहर १४ सप्टेंबर २०१५ ला सापडली. आणि लेझर काय आहे? एकाच अवस्थेत, एकाच तालात गर्दी केलेले फोटॉन, दिंडीत सगळ्यांची पावलं एकदम पडावीत तसे. फोटॉन बोसॉन आहेत म्हणूनच ते जमतं. म्हणजे ज्या रस्त्यानं आपण नागनाथाच्या दर्शनाला जातो त्याच रस्त्यावर बोसांचे कण चार किलोमीटर पळणारेत. लेझर पॉइंटर दाखवणार असाल तर स्वतःच्या हातात ठेवा, भिंतीवरच दाखवा, लेकरांच्या हातात देऊ नका, डोळ्याला इजा होती.

२७ तारखेचा भाग मी आदल्या दिवशी अर्धा तास घेतो, पण लिहितोय शेवटी कारण तो माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा. १९४५ मधी बोस कोलकात्याला परत आले आणि १९४८ मधी त्यांनी बंगीय विज्ञान परिषद काढली, बंगालीतून "ज्ञान ओ विज्ञान" नावाचं मासिक सुरू केलं. बंगालीत विज्ञान शिकवता येत नाही असं जे म्हणतात त्यांना एकतर बंगाली येत नाही नाहीतर विज्ञान येत नाही, हे त्यांचं म्हणणं बंगालमधी अजून सगळ्यांच्या तोंडात आहे. रवींद्रनाथांनी लेकरा-मोठ्यांसाठी विश्वाची ओळख करून देणारं "विश्वपरिचय" लिहिलं १९३७ मधी, ते बोसांना अर्पण केलंय.

आता हेच १९४८ आपल्याकडं काय होतं ते लेकरांना विचारा. १७ सप्टेंबर १९४८, मराठवाडा मुक्तिसंग्राम, हे सगळ्यांना पाठ आहे. त्याच्या आधी इथली शाळा निजामाच्या राज्यातली, वरचं शिक्षण उर्दूतून. माझे आजोबा पाढे मराठीत म्हणायचे आणि हिशोब उर्दू आकड्यात लिहायचे, त्यांची वही आमच्याकडं आहे, मी ती शाळेत नेतो. हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ १९१८ मधी स्थापन झालं आणि तिथं उर्दूतून शिक्षण सुरू झालं, विज्ञानाची पुस्तकं उर्दूत आणली गेली, म्हणजे भारतीय भाषेत भौतिकशास्त्र शिकवता येतं हे तिथं दिसलं होतं, फक्त ती भाषा आपल्या घरातली नव्हती. आपल्याकडं मराठी विज्ञान परिषद १९६६ मधी मुंबईत सुरू झाली. हे सगळं फळ्यावर एका रेषेवर मांडलं की लेकरांना कळतं की मराठीत विज्ञान शिकायला मिळणं ही आपोआप झालेली गोष्ट नाही.

मंग खेळ: चिंचोक्यांचा हिशोब घरी जाऊन आजीला आजीच्या भाषेत सांगायचा. "सांख्यिकी", "संभाव्यता" असले शब्द वापरायचे नाहीत. आजीला समजलं की नाही ते दुसऱ्या दिवशी सांगायचं. मागच्या वर्षी एकाची आजी म्हणाली होती, "मंग पाण्यासारखंच की रे, दोन तांबे रांजणात ओतले तर कोणता कोणाचा?" आता मी वर्गात बँकेच्या खात्यासोबत रांजण पण सांगतो.

कार्यक्रम झाल्यावर चिंचोके गोळा करू नका, लेकरांकडंच राहू द्या. पहिल्या वर्षी जाताना मी सहज म्हणलं होतं, चार चिंचोके तीन वाट्या करून बघा. नावं असली तर ८१ होतात, ते एका पोरानं तिथंच गुणाकार करून सांगितलं. बिननावाचं उत्तर १५ आहे पण मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सातवीतली एक पोरगी वहीच्या मागच्या पानावर सगळे प्रकार लिहून घेऊन आली, शून्य-शून्य-चार पासून सुरू करून, चौदा. मी बघितलं आणि एवढंच म्हणलं की एक राहिलंय. खिचडीच्या सुट्टीत ती ताट बाजूला ठेवून व्हरांड्यात वाट्या मांडून बसली होती, सुट्टी संपायच्या आधी पळत आली, "सर, दोन-शून्य-दोन!"